देवनागरी मजकुरातील दर्शनदोष

देवनागरी मजकुरातील दर्शनदोष म्हणजे संगणक, भ्रमणध्वनी किंवा अन्य उपकरणावर देवनागरी लिपीतील मजकूर मूळ स्वरूपात न दिसता चौकटी, प्रश्नचिन्हे, निरर्थक रोमन अक्षरे, तुटलेली जोडाक्षरे किंवा जागा सोडून पडलेल्या वेलांट्या अशा रूपांत दिसणे होय. या दोषांचे दोन मुख्य वर्ग पडतात. पहिल्या वर्गात साठवलेला मजकूर शाबूत असतो. तो दाखवणारी यंत्रणा तेवढी अपुरी पडते. दुसऱ्या वर्गात मजकूरच बदललेला किंवा नष्ट झालेला असतो. दोहोंची बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखी असल्यामुळे, दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोष कोणत्या वर्गातील आहे हे ठरवणे आवश्यक असते. शाबूत मजकूर बिघडला आहे अशा समजुतीने केलेल्या दुरुस्तीमुळे तो कायमचा नष्ट होऊ शकतो.

## पार्श्वभूमी

संगणकात अक्षरे अक्षरांच्या रूपाने साठवली जात नाहीत. प्रत्येक वर्णाला एक क्रमांक दिलेला असतो व तो क्रमांकच फाइलमध्ये नोंदला जातो. कोणत्या वर्णाला कोणता क्रमांक द्यावयाचा, याच्या ठरावाला संकेतन म्हणतात. आरंभीच्या संकेतनांत रोमन लिपीचाच विचार झालेला होता. भारतीय लिपींसाठी तयार झालेले ‘इस्की’ हे संकेतन भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘आयएस १३१९४’ या क्रमांकाने मानक म्हणून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडमधील १२८ स्थानांचा देवनागरी विभाग ‘इस्की’च्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेला आहे.

मानके अस्तित्वात आली तरी सर्वसामान्य संगणकांवर ती लगेच वापरता येत नव्हती. वृत्तपत्रे, मुद्रणालये व कार्यालये यांनी मधल्या काळात दुसरा मार्ग पत्करला. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेले फॉन्ट तयार झाले. कृतिदेव, शिवाजी, शुषा, श्री-लिपी आणि सी-डॅकच्या फॉन्टमालिका हे त्यांतील परिचित प्रकार होत. या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसत असली, तरी फाइलमध्ये रोमन अक्षरांचे क्रमांकच साठवलेले असतात. उदा. कृतिदेवमध्ये ‘राम’ हा शब्द जे, के, ई या तीन रोमन अक्षरांच्या रूपात साठवला जातो. फॉन्ट बदलताच ‘राम’ नाहीसा होऊन ती तीन अक्षरे उघडी पडतात. शिवाय प्रत्येक फॉन्टमालिकेचा आराखडा वेगळा असल्याने एकीतील मजकूर दुसरीत वाचता येत नाही.

विंडोज २००० या कार्यप्रणालीत युनिकोड देवनागरीची सोय आली. तिच्यासोबत दिलेल्या ‘मंगल’ या फॉन्टचे आरेखन सुलेखनकार र. कृ. जोशी यांचे आहे. विंडोज एक्सपीमध्ये ही सोय वापरकर्त्याला नियंत्रण पटलातून वेगळी सुरू करावी लागे. विंडोज व्हिस्टापासून ती आपोआप मिळू लागली. त्यामुळे आज जुन्या फॉन्टमधील मजकूर आणि युनिकोड मजकूर असे दोन प्रकारचे मराठी साहित्य शेजारी शेजारी नांदते आहे.

## मजकूर पडद्यावर येण्याचे टप्पे

देवनागरी मजकूर चार टप्प्यांतून जातो. दोष कोणत्याही टप्प्यावर उद्भवू शकतो.

1. टंकन – कळफलकावरून वर्ण दिले जातात. युनिकोडमध्ये वर्णांचा क्रम उच्चाराप्रमाणे असतो, लेखणीप्रमाणे नव्हे. ‘कि’ लिहिताना हात आधी वेलांटी काढतो. साठवण मात्र आधी ‘क’ व नंतर वेलांटी अशी होते.
2. साठवण – वर्णांचे क्रमांक फाइलमध्ये बाइटच्या रूपात लिहिले जातात. महाजालावर सर्वाधिक वापरात असलेल्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी वर्णाला तीन बाइट लागतात. ‘स्त्री’ हे एक अक्षर स, हलन्त चिन्ह, त, हलन्त चिन्ह, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा घटकांचे असल्याने ते १८ बाइट व्यापते.
3. रचना – कोणते वर्ण जोडून जोडाक्षर करावयाचे, वेलांटी कोणाच्या आधी न्यावयाची, रफार कोणाच्या डोक्यावर ठेवावयाचा, हे रचनायंत्रणा ठरवते. ‘हार्फबझ’ व विंडोजमधील ‘युनिस्क्राइब’ या अशा यंत्रणा होत.
4. आकृती – रचनायंत्रणेने मागितलेली आकृती फॉन्टमधून घेऊन पडद्यावर उमटवली जाते.

पहिल्या दोन टप्प्यांतील दोष मजकुरात उतरतात. शेवटच्या दोन टप्प्यांतील दोष केवळ दर्शनापुरते असतात.

## लक्षणे आणि कारणे

### रिकाम्या चौकटी

वर्णाची आकृती उपलब्ध फॉन्टमध्ये नसल्यास त्या जागी चौकट दिसते. मजकूर शाबूत असतो. आकाराच्या साम्यावरून या चौकटींना इंग्रजीत ‘टोफू’ म्हणतात. ‘एकही टोफू नको’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टमालिकेचे नाव पडले आहे. सर्व मजकुराऐवजी एखाद्याच वर्णाच्या जागी चौकट दिसत असेल, तर फॉन्ट जुना असण्याची शक्यता असते. ‘ॲ’ हा वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये ‘ॲप’, ‘ॲड.’ अशा शब्दांचा आरंभ चौकटीने होतो.

### स्वरचिन्हांकित रोमन अक्षरे व चलनचिन्हे

डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’ अक्षर आणि त्याच्यापाठोपाठ चलनाचे सर्वसाधारण चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह यांची पुनःपुन्हा आवृत्ती दिसल्यास, ‘यूटीएफ-८’ मधील मजकूर ‘विंडोज-१२५२’ या पाश्चात्त्य संकेतनात वाचला जात आहे असे समजावे. देवनागरी वर्णाचे तीन बाइट या संकेतनात तीन स्वतंत्र चिन्हे म्हणून वाचले जातात. पहिला बाइट सर्व देवनागरी वर्णांना समान असतो आणि दुसऱ्याचे दोनच पर्याय असतात. म्हणून हीच चिन्हे सतत दिसतात. अशा विकृत मजकुरासाठी ‘मोजिबाके’ ही जपानी संज्ञा जगभर रूढ आहे.

मूळ फाइल हाती असल्यास ती योग्य संकेतन निवडून पुन्हा उघडणे एवढाच उपाय पुरतो. बिघडलेला मजकूर पडद्यावरून उचलून अन्यत्र चिकटवणे मात्र घातक ठरू शकते. ‘ठ’चा तिसरा बाइट या संकेतनात न तुटणारी मोकळी जागा बनतो, तर ‘भ’चा तिसरा बाइट अदृश्य संयोगचिन्ह बनतो. ‘ए’, ‘ऐ’, ‘झ’, ऱ्हस्व उकार आणि हलन्त चिन्ह यांच्या तिसऱ्या बाइटला तर ‘विंडोज-१२५२’मध्ये कोणतेही चिन्ह नेमून दिलेले नाही. नक्कल करताना ही अदृश्य चिन्हे सहज गळून पडतात. मग उलट रूपांतर केल्यावर बाकीची अक्षरे परत येतात. पण ‘मराठी’तील ‘ठ’ सापडत नाही आणि जोडाक्षरे सुटी होतात.

### सलग प्रश्नचिन्हे

देवनागरीला स्थान नसलेल्या संकेतनात मजकूर जतन केला असता प्रत्येक वर्णाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ हा पर्याय ठेवून फाइल जतन केल्यास, किंवा युनिकोडसाठी न आखलेल्या विदागारात मजकूर भरल्यास असे घडते. या प्रकारात मूळ क्रमांकच पुसले गेलेले असल्याने त्या फाइलमधून मजकूर परत मिळवता येत नाही. दुसरी प्रत शोधावी लागते. काळ्या चौकोनी हिऱ्यातील प्रश्नचिन्हाचा अर्थ वेगळा आहे. वाचणाऱ्या प्रणालीला काही बाइटचा अर्थ लागला नाही, एवढेच ते सांगते. अशी फाइल पुन्हा जतन न करता अन्य संकेतनात उघडून पाहावी.

### अर्थहीन, पण साधी रोमन अक्षरे

स्वरचिन्हे किंवा चलनचिन्हे नसलेली साधी रोमन अक्षरे, कंस व विरामचिन्हे यांची सरमिसळ दिसल्यास मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असण्याचा संभव असतो. तो फॉन्ट संगणकावर बसवला की मजकूर वाचता येतो. परंतु शोध, वर्गीकरण यांसाठी तो रोमनच राहतो.

### तुटलेली जोडाक्षरे व ठिपक्यांचे वर्तुळ

जोडाक्षरांऐवजी पाय मोडलेली सुटी अक्षरे दिसणे आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडणे ही रचनायंत्रणा काम करत नसल्याची खूण आहे. जुन्या चित्रसंपादन व पृष्ठरचना प्रणालींत हा दोष विशेष आढळतो. ॲडोबीच्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडल्यावर मराठी जोडाक्षरे नीट जुळतात.

काना, वेलांटी किंवा मात्रा यांच्यासोबत ठिपक्यांचे वर्तुळ (◌) दिसल्यास त्या चिन्हाला आधारभूत व्यंजन मिळालेले नसते. वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकणे, एकाच व्यंजनाला दोन स्वरचिन्हे देणे किंवा शब्दाच्या मध्ये मोकळी जागा पडणे ही त्याची सामान्य कारणे होत. हे वर्तुळ म्हणजे फॉन्टचा दोष नसून टंकनातील चुकीची सूचना असते. फॉन्ट बदलून ते दिसेनासे झाले तरी चूक मजकुरात तशीच राहते.

### कापल्या गेलेल्या मात्रा व तुटलेली शिरोरेषा

ओळींतील अंतर ठरावीक मापाचे ठेवल्यास वरच्या मात्रा, रफार व खालचे उकार कापले जातात. अक्षरांमधील अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटते. दोन्ही दोष मांडणीचे आहेत. ओळींचे अंतर सैल करून व अक्षरांतर शून्यावर आणून ते दूर होतात.

## मराठीतील विशेष बाबी

देवनागरीची सोय असलेली प्रत्येक प्रणाली मराठीसाठी पुरेशी असतेच असे नाही. पुढील बाबी मराठीत विशेष तपासाव्या लागतात.

आडव्या वळणाचा अर्धा ‘र’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ या रूपांत विद्वान आणि स्वयंपाकी यांच्याइतके अंतर आहे. रफाराने आधीच्या अक्षरावर आघात येतो, आडव्या ‘र’ने येत नाही, म्हणून हा केवळ वळणाचा प्रश्न नसून उच्चाराचा व अर्थाचा आहे. युनिकोडमध्ये हे रूप दोन प्रकारे लिहिले जाते: ‘ऱ’ व हलन्त चिन्ह, किंवा ‘र’, हलन्त चिन्ह व रुंदीरहित जोडक नावाचे अदृश्य चिन्ह. पहिली पद्धत शिफारस केलेली आहे. दुसरी जुन्या मजकुराशी सुसंगती राखण्यासाठी मान्य आहे. पडद्यावर दोन्ही सारख्या दिसत असल्या, तरी संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द असतात. एका पद्धतीने लिहिलेले ‘कऱ्हाड’ दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. त्यातच काही प्रणाली अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून काढून टाकतात. तेव्हा दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होते.

‘ॲ’चे लेखन. ‘ॲ’ हा स्वतंत्र वर्ण उपलब्ध होण्यापूर्वी ‘अ’वर अर्धचंद्र देऊन तो लिहिला जाई. ही जोडणी युनिकोडला मान्य नाही. काही रचनायंत्रणा अशा ठिकाणी ठिपक्यांचे वर्तुळ दाखवतात. जुन्या मजकुरात असे लेखन आढळल्यास ते ‘ॲ’ या एकाच वर्णाने बदलणे इष्ट असते.

‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ रूढ आहेत. हिंदीतील वळणे वेगळी आहेत. दोन्ही वळणांचा युनिकोड क्रमांक एकच आहे. मजकुराची भाषा मराठी असल्याची नोंद असेल आणि फॉन्टमध्ये मराठी वळणे समाविष्ट असतील, तरच ती दिसतात. भाषा म्हणून हिंदी नोंदलेली असल्यास मराठी पानावरही हिंदी वळणे उमटतात. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेच्या प्रमाणीकरणासंबंधीचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला.

विसर्ग आणि अपूर्णविराम. ‘दुःख’, ‘अंतःकरण’ या शब्दांत विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकण्याची सवय बरीच आढळते. डोळ्यांना भेद जाणवत नाही. संगणक मात्र शब्द तेथेच तोडतो. ओळीच्या शेवटी ‘दु’ एकीकडे व ‘ख’ दुसरीकडे जाऊ शकतो, आणि शोधात मूळ शब्द सापडत नाही.

## पीडीएफ दस्तऐवज

पीडीएफ हा छापील पानाचे स्वरूप जपणारा प्रकार आहे. त्यात फॉन्टमधील आकृत्या पानावरील जागांनुसार मांडलेल्या असतात. कोणत्या आकृतीचा कोणता वर्ण, याचा तक्ता फाइलमध्ये सदोष असला किंवा नसलाच, तर पान सुबक दिसूनही त्यातून उचललेला मजकूर विस्कटतो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी येणे, रफार भलत्या अक्षरावर जाणे आणि जोडाक्षरे गाळली जाणे हे प्रकार नेहमीचे आहेत. फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत केलेला नसेल, तर दुसऱ्या संगणकावर पानही बिघडते.

अशा वेळी ज्या फाइलवरून पीडीएफ तयार केली ती मूळ फाइल मिळवणे हा सर्वोत्तम मार्ग होय. ती न मिळाल्यास पानाची प्रतिमा करून अक्षरओळख प्रणालीने मजकूर वाचून घेता येतो. ‘टेसरॅक्ट’ या मुक्त प्रणालीत मराठीची सोय आहे. निघालेल्या मजकुराचे मुद्रितशोधन मात्र अनिवार्य असते. अनुस्वार, ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

## निदानाची पद्धत

निदान करताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

- सर्वप्रथम मूळ फाइलची प्रत करून ठेवावी व सर्व प्रयोग प्रतीवर करावेत. मूळ फाइल उघडल्यावर ‘बदल जतन करायचे काय’ असे विचारल्यास नकार द्यावा.
- तीच फाइल दुसऱ्या उपकरणावर उघडावी. तेथे नीट दिसल्यास दोष पहिल्या उपकरणाच्या फॉन्टमध्ये किंवा रचनायंत्रणेत आहे.
- प्रतीतील मजकुराला ‘टाइम्स न्यू रोमन’ हा फॉन्ट द्यावा. मराठी अक्षरे टिकून राहिल्यास मजकूर युनिकोडमध्ये आहे. त्यांची रोमन अक्षरे झाल्यास तो जुन्या फॉन्टमधील आहे.
- संशयित शब्द त्याच फाइलमध्ये नव्याने टंकून शोधावा. दोन्ही शब्द सारखे दिसूनही केवळ नवाच सापडल्यास त्यांच्या वर्णक्रमात भेद आहे.
- तक्त्यांच्या सीएसव्ही फाइली एक्सेलमध्ये थेट न उघडता आयात कराव्यात व संकेतन म्हणून ‘६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडावे.

## जुन्या फॉन्टमधील मजकुराचे रूपांतर

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणे म्हणजे केवळ अक्षरास अक्षर बदलणे नव्हे. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकला जातो. युनिकोडमध्ये दोहोंचा क्रम नेमका उलट असतो. त्यामुळे रूपांतरकाला बदलीबरोबर क्रमही लावावा लागतो. ‘मार्मिक’ या शब्दात रफार व वेलांटी एकाच अक्षराला येतात. असे शब्द रूपांतरकाची खरी परीक्षा घेतात.

प्रथम फॉन्टचे नेमके नाव पाहावे, कारण एका फॉन्टसाठी केलेला रूपांतरक दुसऱ्याला लागू पडत नाही. मजकुरातील इंग्रजी शब्द आधी वेगळे काढावेत; अन्यथा त्यांचेही निरर्थक देवनागरीत रूपांतर होते. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले रूपांतरक मराठीसाठी वापरताना ‘ळ’, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि ‘ऑ’ असलेले शब्द स्वतंत्रपणे तपासावेत. विशेषनामे, दिनांक व रकमा मूळ छापील प्रतीशी ताडून पाहाव्यात. रूपांतर झाल्यावरही जुनी फाइल व तिचा फॉन्ट दोन्ही जपून ठेवावेत, कारण राहून गेलेली चूक पुढे उघडकीस आल्यास ताळा करण्याचे तेवढेच साधन उरते.

## परिणाम

पडद्यावर मजकूर वाचता आला म्हणजे काम भागले, अशी समजूत सर्वत्र आढळते. तथापि मजकुराचा उपयोग वाचनापुरता नसतो. दृष्टिहीन वाचकांसाठीच्या वाचनप्रणाली पडद्यावरील आकृती पाहत नाहीत. त्या साठवलेले वर्ण उच्चारतात. जुन्या फॉन्टमधील मराठी पुस्तक त्यांच्या दृष्टीने निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग असते. शोधयंत्रांना त्यातील एकही शब्द सापडत नाही, आणि अनुवाद किंवा शब्दकोशरचना यांसाठी ते वापरता येत नाही. नोंदवहीत ‘गोऱ्हे’ हे आडनाव दोन वर्णक्रमांनी नोंदले गेल्यास एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होऊ शकतात किंवा असलेली नोंद सापडत नाही.

जुन्या फॉन्टवर अवलंबून असलेल्या साहित्याला काळाचीही मर्यादा आहे. फॉन्टची फाइल, ती चालवणारी प्रणाली आणि तिचा आराखडा जाणणारी माणसे यांपैकी एकेक दुवा निखळत गेला की छापील प्रत नसलेला मजकूर वाचण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून संस्था, ग्रंथालये व मुद्रणालये यांनी आपल्याकडील जुन्या फाइली कोणत्या फॉन्टमध्ये आहेत याची यादी करून, छापील प्रत नसलेल्या साहित्याचे रूपांतर प्रथम हाती घेणे श्रेयस्कर ठरते. नवे लेखन युनिकोडमध्ये व ‘यूटीएफ-८’ संकेतनात जतन करणे, दस्तऐवजाची भाषा मराठी अशी नोंदवणे आणि पीडीएफसोबत मूळ फाइलही सांभाळणे या तीन सवयींनी बहुतेक दोष मुळातच टाळता येतात.

## हे सुद्धा पहा

- देवनागरी
- युनिकोड
- इस्की
- इनस्क्रिप्ट कळफलक
- मराठी शुद्धलेखन